आईचं मनगट मोडलं, तेव्हाच विचारायला हवं होतं

गेल्या अंकात मी या सदरात एक ओळ लिहिली होती: पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने एकदा तरी हाडांची घनता मोजून घ्यावी. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली, तेवढी आजवर कुठल्याच विषयावर आली नव्हती. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, ते का हे वाचताना कळेल.

प्रश्न : माझी आई 68 वर्षांची आहे. अगदी ठणठणीत, गुडघेसुद्धा दुखत नाहीत. पाच वर्षांपूर्वी ओल्या फरशीवर घसरून तिचं डावं मनगट मोडलं होतं, पण ते नीट जुळलं. हाडांच्या तपासणीचं नाव काढलं की म्हणते, "दुखत नाही, खुपत नाही, मग उगाच कशाला उकरून काढायचं?" तिला कसं समजावू?

तुमच्या पत्रातले तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. 'ते नीट जुळलं.' आमच्या घरात हेच शब्द बारा वर्षं बोलले जात होते.

माझ्या आईचं मनगट मोडलं तेव्हा ती 62 वर्षांची होती. वाळलेली चादर काढताना तिचं टोक पायात आलं, ती पुढे झेपावली आणि हात टेकला. मी तेव्हा अस्थिरोग विभागात शिकत होते. प्लास्टर माझ्यासमोर घातलं गेलं. हाड जागेवर बसल्याचा एक्स-रे मी स्वतः उजेडासमोर धरून पाहिला आणि सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाल्यावर बोटांचे व्यायामही मीच करून घेतले. उभ्या उभ्या पडल्याने धडधाकट हाड सहसा मोडत नाही, हे मला ठाऊक होतं, परीक्षेच्या पेपरात मी ते लिहिलेलं होतं. पण आईच्या बाबतीत ते मनात आलं नाही. 'पडली म्हणून मोडलं' इथेच आम्ही सगळे थांबलो. पुढे 74 व्या वर्षी रात्री पलंगावरून उठताना तिचा तोल गेला आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण त्यानंतर ती वॉकर सोडून कधी चालली नाही. मधल्या बारा वर्षांत कधीही पंधरा मिनिटं काढून मोजता आलं असतं. मोजलं नाही, आणि ते मला आजही सलतं.

म्हणून तुमच्या आईला माझा निरोप सांगा. हाडांचा ठिसूळपणा दुखत नाही. दुखतं ते मोडलेलं हाड. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं, जुनं हाड पोखरून काढणाऱ्या पेशींचा जोर वाढतो आणि नवं हाड भरणाऱ्या पेशी मागे पडतात. पहिल्या पाच-सात वर्षांत घनता सगळ्यांत झपाट्याने उतरते, नंतर सावकाश उतरत राहते. या सगळ्या काळात शरीर एकदाही तक्रार करत नाही. आईला रक्तदाब मोजून घ्यायला डोकं दुखावं लागत नाही ना? मग हाडांसाठी दुखण्याची वाट का पाहायची?

त्यातून तुमच्या आईच्या हाडांनी एकदा सांगून झालंय. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने एक हाड मोडलं की पुढचं मोडण्याची शक्यता साधारण दुपटीने वाढते, आणि पहिली दोन वर्षं सर्वांत धोक्याची असतात. ती दोन वर्षं निभावली, चांगलं झालं. पण वाढलेला धोका त्याबरोबर संपत नाही.

आज घरच्या घरी एक करा. आईला अनवाणी भिंतीला टाच आणि पाठ टेकवून उभं करा, डोक्यावर सपाट पुस्तक ठेवा, भिंतीवर पेन्सिलीची खूण करा आणि टेपने मोजा. मग तिला विचारा, तरुणपणी तिची उंची किती होती. तेव्हापेक्षा 4 सेंटिमीटर किंवा जास्त फरक निघाला तर पाठीचा एखादा मणका दबला असण्याची शंका घ्यायची. मणक्यांची जवळजवळ दोन तृतीयांश फ्रॅक्चर्स कुणाच्या लक्षातच येत नाहीत. 'उसण भरली' म्हणून शेकून झोपलेली बाई चार दिवसांनी उठते आणि विसरते. पाठीला थोडं पोक येतं, झगा पुढून लांब वाटायला लागतो, त्याला आपण वय म्हणतो. उंची घटलेली दिसली तर डेक्साबरोबर (हाडांची घनता मोजणारी तपासणी) पाठीच्या मणक्यांचा बाजूने काढलेला एक्स-रेही मागा.

तपासणीची भीती असेल तर ती कशी होते तेही सांगते. डेक्सा म्हणजे अगदी कमी मात्रेच्या दोन क्ष-किरणांनी हाडातलं खनिज मोजणं. त्यातला किरणोत्सार छातीच्या एका एक्स-रेएवढा किंवा त्याहून कमी असतो. उघड्या पलंगावर उताणं पडायचं, नळकांड्यात जायचं नसतं. कमरेचे मणके मोजताना पोटऱ्यांखाली एक ठोकळा ठेवतात, खुबा मोजताना पाऊल आतल्या बाजूला वळवून पट्ट्याने धरून ठेवतात, वरून एक हात सरकत जातो. सुई नाही, उपाशीपोटी राहणं नाही. त्या दिवशी कॅल्शियमची गोळी घेऊ नये आणि कमरेपाशी धातूची बटणं, साखळी, हुक नसावेत, एवढंच. बेरियम किंवा डाय देऊन कुठली तपासणी नुकतीच झाली असेल तर मात्र ते आधी सांगायचं, म्हणजे ते तारीख पुढची देतील.

अहवाल काहीही आला तरी मनगटाची गोष्ट डॉक्टरांना सांगा. ती आपण होऊन कुणी विचारत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

प्रश्न : माझं वय 52, वजन 66 किलो. गेल्या वर्षी पाळी थांबली. एका शिबिरात टाच यंत्रात ठेवून तपासली. आकडा −1.8 आला आणि "तुमची हाडं पोकळ व्हायला लागलीत" असं सांगितलं. तेव्हापासून मी जिना उतरायलाही घाबरते. लगेच औषध सुरू करू का?

आधी जिना उतरा. कठड्याला हात ठेवून, पण उतरा. चालणं, चढणं, वजन पेलणं हेच हाडांचं खाद्य आहे. घाबरून बसून राहिलात तर जे नको आहे तेच ओढवेल.

टाचेचं यंत्र ध्वनिलहरींवर चालतं. त्यातून धोक्याचा थोडा अंदाज येतो, पण निदान होत नाही. शिवाय त्याचा −1.8 आणि डेक्सातला −1.8 एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये ज्या मर्यादा ठरवल्या, त्या डेक्साच्या मापाला लागू आहेत: निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीशी तुलना करून −1 पर्यंत ठीक, −1 ते −2.5 च्या मध्ये घनता कमी, −2.5 किंवा त्याखाली ठिसूळपणा. या आकड्याला टी-स्कोअर म्हणतात. तुमच्या शिबिरातल्या आकड्याला या चौकटीत बसवणंच चुकीचं होतं. आणि तो खरा असता तरी 'पोकळ' हा शब्द कुठल्याही माणसाच्या हाडांना लावू नये. त्या एका शब्दाने तुमची किती महिन्यांची झोप घालवली असेल.

बावन्नाव्या वर्षी सरसकट डेक्सा करायची गरज नसते. यूएसपीएसटीएफ या अमेरिकी तज्ज्ञ मंडळाने जानेवारी 2025 मध्येही हेच पुन्हा सांगितलं: 65 आणि त्यापुढच्या सर्व स्त्रियांची तपासणी करावी, आणि त्याआधी फक्त पाळी गेलेल्या अशा स्त्रियांची, ज्यांच्यात धोक्याची कारणं आहेत. पहिली चाळणी म्हणून एक साधा हिशेब आहे. किलोमधल्या वजनातून वय वजा करा आणि 0.2 ने गुणा. उत्तर 2 पेक्षा कमी आलं तर पुढे तपासायचं. तुमचं 66 उणे 52, म्हणजे 14, आणि उत्तर 2.8. तुम्ही रेषेच्या वर आहात. 62 वर्षांच्या, 45 किलो वजनाच्या बाईचं उत्तर येईल उणे 3.4, आणि तिला मी पासष्टीची वाट पाहायला मुळीच सांगणार नाही.

हिशेबात न बसणाऱ्या काही गोष्टी मात्र स्वतःला विचारून पाहा. आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का? पाळी 45 च्या आधी गेली का? दमा, संधिवात किंवा कशासाठी तरी स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिने किंवा जास्त घेतल्या आहेत का? धूम्रपान, रोजचं मद्यपान? थायरॉइडचं काम वाढलेलं? स्तनाच्या कर्करोगानंतर इस्ट्रोजेन दाबणारी औषधं? यातल्या एकालाही 'हो' असेल तर डॉक्टरांकडे जाऊन फ्रॅक्स काढून घ्या. शेफिल्ड विद्यापीठात तयार झालेलं हे गणित 2008 पासून वापरात आहे. ते पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत सांगतं, आणि त्यासाठी घनतेचा आकडा हाताशी नसला तरी चालतं. सगळ्यांना 'नाही' असेल तर औषध नको, आणि आत्ता डेक्साही नको.

प्रश्न : मी 71 वर्षांची आहे. माझ्या डेक्सात कमरेच्या मणक्यांचा एकूण टी-स्कोअर −0.6 आहे आणि खुब्याच्या मानेचा (मांडीच्या हाडाचा वरचा निमुळता भाग) −2.6. एक डॉक्टर म्हणाले मणके उत्तम आहेत, काळजी नको. दुसऱ्यांनी औषध लिहून दिलं. एकाच शरीरातली हाडं इतकी वेगळी कशी?

ताई, अहवालाचं चित्रासहित पान पाठवलंत ते फार बरं केलंत. एकूण आकड्याच्या खाली प्रत्येक मणक्याचा वेगळा आकडा आहे, तो पाहा. पहिला −2.0, दुसरा −1.8, तिसरा एकदम +0.4, चौथा +0.6. एका मणक्यापासून शेजारच्या मणक्यापर्यंत दोनाहून जास्त अंकांची उडी निसर्गात अशी सहसा पडत नाही. चित्रात तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या कडा पांढऱ्याफटक दिसतात. ती झिजेमुळे वाढलेली हाडाची टोकं आहेत. यंत्राला चांगलं हाड आणि झिजेने साठलेला चुना यांतला फरक कळत नाही, ते सगळंच मोजून बेरीज करतं. दबलेला मणकासुद्धा असाच फसवतो: तेवढंच खनिज कमी जागेत कोंबलं गेलं की घनता वाढल्यासारखी दिसते. म्हणून शेजाऱ्यापासून एका अंकाहून जास्त ढळलेला मणका मोजणीतून वगळायचा असतो. तुमचे खालचे दोन वगळले की वरच्या दोघांचा आकडा −1.9 च्या आसपास येतो. उत्तम तर तो नक्कीच नाही.

आणि निदान ठरवताना मणके, पूर्ण खुबा आणि खुब्याची मान यांतला सगळ्यांत खालचा आकडा धरतात, सरासरी काढत नाहीत. तुमचा −2.6 आहे. तुमचे दुसरे डॉक्टर बरोबर आहेत. सत्तरीनंतर मी अहवाल हातात घेते तेव्हा आधी खुबा वाचते, कारण तिथे झिजेची भेसळ कमी असते.

औषध सुरू करण्याआधी रक्ताच्या काही तपासण्या व्हायला हव्यात: कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचं काम, थायरॉइड, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर पॅराथायरॉइड. ठिसूळपणामागे कधी कधी दुसराच आजार दडलेला असतो, आणि तो तसाच ठेवून हाडाचं औषध दिलं तर उपयोग अर्धवट होतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी मोजलं तर चालेल का. नको. त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर मोजा. दोन यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून 'हाड वाढलं', 'हाड घटलं' म्हणता येत नाही. एकाच यंत्रावरही पूर्ण खुब्यात पाच टक्क्यांपर्यंतचा फरक नुसता मोजणीचा असू शकतो.

प्रश्न : 66 व्या वर्षी डेक्सा केली, खुबा −1.2, मणके −1.0. आता दरवर्षी करू का? आणि माझ्या धाकट्या बहिणीचा कमरेचा साधा एक्स-रे नॉर्मल आहे, तिला ही तपासणी लागेल का?

दरवर्षी मुळीच नको. 67 आणि त्याहून मोठ्या 4957 स्त्रियांवर झालेला एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा आकडा −1.5 च्या वर होता, त्यांच्यातल्या दहा टक्के जणींना ठिसूळपणापर्यंत पोहोचायला सुमारे 15 वर्षं लागली. −1.5 ते −2 मध्ये असणाऱ्यांना सुमारे 5 वर्षं, आणि −2 च्या खाली गेलेल्यांना जेमतेम 1 वर्ष. तुम्ही पहिल्या गटात आहात. मधे काही मोडलं, स्टेरॉइड सुरू झालं किंवा वजन बरंच उतरलं तर हा हिशेब बदलतो, तेव्हा लवकर मोजा.

बहिणीबद्दल: साध्या एक्स-रेत हाड विरळ दिसेपर्यंत त्यातलं साधारण तीस टक्के खनिज गेलेलं असतं. तो नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. दुसऱ्या पत्राच्या उत्तरातला वजन-वयाचा हिशेब तिच्याकडून करून घ्या.

प्रश्न : मी 79 वर्षांची आहे. दोनदा पडले, नशिबाने काही मोडलं नाही. मुलगा तपासणीसाठी मागे लागलाय. या वयात कळून काय करायचं? हाडांच्या औषधांनी जबडा सडतो असं मैत्रीण सांगते. औषध घ्यायचंच नसेल तर तपासून तरी उपयोग काय?

काकू, तुमचा शेवटचा प्रश्न फार रास्त आहे आणि डॉक्टरांनी तो तपासणी लिहून देण्याआधी स्वतःच विचारायला हवा. कळल्यावर काही करायचंच नसेल तर नुसता आकडा घरात आणून चिंता वाढते. म्हणून आधी औषधाबद्दल बोलू, मग तपासणीचं तुम्ही ठरवा.

जबड्याचं हाड खराब होणं ही खरी गोष्ट आहे, पण ठिसूळपणासाठी देतात त्या मात्रेत ती क्वचित घडते. हीच औषधं कर्करोगात कितीतरी मोठ्या मात्रेत आणि वारंवार देतात, बहुतेक गोष्टी तिकडून कानावर येतात. खबरदारी साधी आहे. दात काढायचे असतील तर ते उपचार सुरू होण्याआधी उरकून घ्यायचे आणि पुढे दातांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगायचं. खूप वर्षं सलग घेतल्यावर मांडीच्या हाडाला वेगळ्याच प्रकारची चीर पडल्याचीही थोडी उदाहरणं आहेत. म्हणून ही औषधं आयुष्यभर डोळे झाकून चालू ठेवत नाहीत, काही वर्षांनी थांबून पुन्हा विचार करतात. मांडीत किंवा जांघेत नवीन दुखायला लागलं तर लगेच सांगायचं.

आता दुसरं पारडं. वर्षातून एकदा शिरेतून देण्याच्या झोलेड्रॉनिक ॲसिडचा मोठा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 65 ते 89 वयाच्या स्त्रिया होत्या, म्हणजे तुमच्या वयाच्याही. तीन वर्षांत मणक्यांची नवी फ्रॅक्चर्स 70 टक्क्यांनी आणि खुब्याची 41 टक्क्यांनी कमी झाली. मूत्रपिंडाचं काम फार कमी असेल तर हे औषध चालत नाही, ते आधी पाहतात. आठवड्याची गोळी घ्यायची असेल तर ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सहा महिन्यांनी टोचायचं डेनोसुमॅब हेही चांगलं औषध आहे, पण ते सुरू केलं तर परस्पर बंद करायचं नाही. मधेच सोडलं की हाड झपाट्याने उतरतं आणि मणके मोडू शकतात. प्रवासाला जायचं म्हणून इंजेक्शन पुढे ढकलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे हे मुद्दाम सांगते.

तपासणीबद्दलही जे आहे ते सांगते. ब्रिटनमध्ये 70 ते 85 वयाच्या 12,483 स्त्रियांवर स्कूप नावाचा प्रयोग झाला. अर्ध्या जणींचा धोका प्रश्नावलीने काढला, तो जास्त निघाला त्यांची घनता मोजली आणि गरज होती त्यांना औषध दिलं. उरलेल्या अर्ध्यांना नेहमीसारखंच ठेवलं. पाच वर्षांनी सगळी फ्रॅक्चर्स मिळून पाहिली तर लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. खुब्याची फ्रॅक्चर्स मात्र 28 टक्क्यांनी कमी झाली. मनगट मोडलं तर आपण प्लास्टरमध्ये हात घालून घरभर फिरतो. खुबा मोडला की घरातल्या घरात फिरणंही जातं. माझ्या आईचं गेलं. म्हणून त्या 28 टक्क्यांचं मोल मला मोठं वाटतं.

आणि काकू, तुम्ही दोनदा पडलात ही माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ आहे. डेक्सा पडणं मोजत नाही. का पडलात ते कुणी विचारलं का? उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा रक्तदाब मोजून घ्या. रक्तदाबाची गोळी जास्त होत असेल. झोपेची गोळी घेत असाल तर ती कमी करता येईल का ते विचारा. मोतिबिंदू पिकत आलाय का ते दाखवा. आणि रात्री कितीदा उठता, ते मुलाला मोकळेपणाने सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत मंद दिवा रात्रभर जळू दे, वाटेतलं पायपुसणं उचला, भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या. हे सगळं तपासणीला हो म्हणा किंवा नाही, दोन्ही वेळा करायचंच आहे.

माझं मत विचाराल तर तपासून घ्या. नंतर अहवाल समोर ठेवून औषध घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मुलाने किंवा डॉक्टरांनी तुमच्या वतीने ठरवू नये. जाताना मुलाला बरोबर न्या, आणि आजवर जे जे मोडलं, जे जे दुखलं, त्याची वर्षं एका कागदावर लिहून न्या. अहवाल आला की मला पुन्हा लिहा, प्रत्येक मणक्याच्या आकड्यासकट.